शाळेच्या प्रशासनात जायचंय? आधी परीक्षा विभाग मागून घ्या

प्रश्न असा आला आहे: "मी ऐरोलीला राहते. बी.एस्सी., बी.एड. आहे. सात वर्षं तीन शाळांत विज्ञान-गणित शिकवलं. आता प्रशासन किंवा विद्यार्थी मूल्यमापन या बाजूला जायचं आहे. एम.एड. करू की शालेय व्यवस्थापनाची पदविका? आणि मुख्याध्यापक होण्यापलीकडे या क्षेत्रात काही आहे का?"

मी १९८९ साली ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत सहशिक्षिका म्हणून लागले. तिथेच पर्यवेक्षिका आणि मग मुख्याध्यापिका झाले, २०२२ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर नवी मुंबईतल्या एका सीबीएसई शाळेत परीक्षा समन्वयक म्हणून काम पाहते. दोन्ही घरचं पाणी प्यायलेय, म्हणून थोडं लांबण लावते.

कोर्सचं शेवटी सांगेन. आधी काम काय असतं ते पाहा, कारण "शिकवून कंटाळा आला, आता जरा ऑफिसात बसू" असं म्हणून या बाजूला आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना दुसऱ्याच वर्षी पुन्हा वर्ग हवासा वाटतो.

शाळेचं प्रशासन म्हणजे मुलाबद्दल काहीतरी लिहून ठेवणं आणि त्याखाली सही करणं. जनरल रजिस्टरपासून, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची नोंद असते त्या वहीपासून, ते सुरू होतं. नोकरीच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. जूनमध्ये प्रवेशांची गर्दी होती, आमच्या लिपिक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि अक्षर बरं म्हणून मुख्याध्यापकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. एका मुलाची जन्मतारीख मी अंकात ७-६ लिहिली आणि अक्षरात 'सात जुलै'. कुणाच्याच लक्षात आलं नाही. दाखला गेला तोही तसाच, कारण दाखला रजिस्टरवरूनच उतरवतात. पुढे तो मुलगा बाप्या होऊन शाळेत आला. आखातात नोकरी लागत होती, पासपोर्टचं काम अडलं होतं. विद्यार्थी शाळेत आहे तोवर अशी दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने होते. शाळा सोडून गेल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. जन्माचा मूळ पुरावा, प्रतिज्ञापत्र, शाळेचा खुलासा असं सगळं जोडून प्रस्ताव पाठवावा लागला. खुलासा मीच लिहिला, कारण चूक माझ्याच अक्षरात होती. काम झालं, पण नोकरी हातची गेली. तेव्हापासून तारीख अंकात लिहिली की पेन खाली ठेवते, मोठ्याने वाचते आणि मगच अक्षरात लिहिते. आता सरल आणि यूडायस प्लस या सरकारी प्रणालींमुळे नोंदी संगणकावर गेल्या, प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा 'अपार' ओळख क्रमांकही आला. पण आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव यांत एका वेलांटीचा फरक असला तरी काम तिथेच अडतं. चूक होण्याची जागा तीच राहिली, ती दिसायला फक्त लवकर लागली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे वाटा कोणत्या.

अनुदानित शाळेत वाट एकच: सहशिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. ही वाट सेवाज्येष्ठतेची. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली हे तिचं बायबल. माध्यमिकच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. नंतरची हवीत. हा झाला उंबरठा. प्रत्यक्षात नंबर लागतो तो ज्येष्ठता यादीप्रमाणे, आणि त्या यादीवरून मैत्रिणी-मैत्रिणींची तोंडं फिरलेली मी पाहिली आहेत. नियमावलीतली ज्येष्ठता ठरवणारी अनुसूची 'फ' एकदा नीट वाचा. आपण कोणत्या प्रवर्गात, कोणत्या तारखेपासून, हे ज्याला माहीत नसतं त्याचं नाव यादीत खाली सरकतं आणि मग शाळा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पदं पुन्हा संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येप्रमाणे सरकार जी पदं मंजूर करतं त्यावर अवलंबून. ठाण्यात मराठी शाळांचा पट कसा घसरला ते मी सांगायला नको. आमच्याकडे एकेकाळी इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, मी निवृत्त झाले तेव्हा दोन राहिल्या होत्या. पर्यवेक्षकाचं पद गेलं आणि ते काम तसंच राहिलं, दोघींनी वाटून घेतलेलं. तुम्ही आजपासून शिक्षण सेवक म्हणून सुरुवात केलीत तर तीन वर्षं मानधनावर (माध्यमिकला १८,००० रुपये) आणि मग रांग. एकतिशी-बत्तिशीला ही वाट मी सुचवणार नाही. आधीपासून अनुदानित शाळेत असाल तर मात्र सोडू नका.

खाजगी सीबीएसई, आयसीएसई शाळांत रांग नसते, पदं मात्र भरपूर असतात: विभाग समन्वयक, परीक्षा समन्वयक, शैक्षणिक प्रमुख, उपप्राचार्य. वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत आणि इकडे घोडबंदर रोडला दर दोन चौकांमागे अशी शाळा आहे. नवी मुंबई महापालिकेनेही स्वतःच्या सीबीएसई शाळा काढल्या आहेत. इथे सात वर्षांचा अनुभव आणि विज्ञान-गणित ही चांगली पुंजी आहे. पगाराचा मात्र एक भाव नाही. 'कोऑर्डिनेटर' या एकाच पाटीखाली कुठे खरी बढती असते, तर कुठे शिक्षकाचाच पगार आणि वर रविवारचं काम. नेमणूकपत्रात तासिका किती राहणार, हे लेखी घ्या. आठवड्याला अठराहून जास्त तासिका घेऊन परीक्षा विभाग सांभाळता येतो असं कुणी सांगितलं, तर त्याने तो कधी सांभाळलेला नाही असं समजा.

मूल्यमापन ही बाजू मला स्वतःला जास्त आवडते, म्हणून इथे थोडी रमते.

बी.एड.ला तुम्ही संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, केला असेल. उद्दिष्टानुसार भारांश, घटकानुसार भारांश, प्रश्नप्रकार, काठिण्यपातळी. पाठाच्या फाईलला लावला, गुण मिळाले, विसरलात. बहुतेक शाळांत आधी पेपर काढतात आणि मग त्याला शोभेल असा तक्ता भरतात. परीक्षा विभागात गेलात तर पहिलं काम हेच करा, तक्ता आधी मागा. शिक्षक कुरकुरतील. दुसऱ्या सत्रात कुरकुर थांबते, कारण पेपर काढायला वेळ कमी लागतो असं त्यांनाच दिसतं.

दुसरं काम प्रश्नांचं विश्लेषण. याची भीती उगाच बसली आहे, सगळी गुणाकार-भागाकाराची कामं आहेत. मागे एकदा आठवीच्या साठ मुलांची गणिताची बहुपर्यायी चाचणी होती. एकूण गुणांप्रमाणे उत्तरपत्रिका लावल्या, वरच्या सोळा घेतल्या आणि खालच्या सोळा, म्हणजे सत्तावीस टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक प्रश्न वरच्या गटात किती जणांना आला, खालच्या गटात किती जणांना, एवढंच मोजायचं. अकराव्या प्रश्नाला वरच्यांतले पाच आणि खालच्यांतले नऊ बरोबर. काठिण्य मूल्य, म्हणजे एकूण किती जणांना प्रश्न आला ते, काढलं तर १४ भागिले ३२, साधारण ०.४४, म्हणजे दिसायला अगदी मध्यम, सभ्य प्रश्न. पण भेदन मूल्य, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्ची मुलं किती वेगळी काढतो ते: पाचातून नऊ वजा करून सोळाने भागलं, तर उणे ०.२५. हुशार मुलांना चुकतोय आणि कच्च्यांना येतोय! प्रश्न काढून पाहिला: 'वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली, तर मूळ किमतीत काय फरक पडला?' उत्तरसूचीत लिहिलं होतं, 'फरक नाही'. शंभराचे एकशेवीस झाले, एकशेवीसचे वीस टक्के चोवीस, उरले शहाण्णव. म्हणजे चार टक्के कमी. उत्तरसूचीच चुकली होती आणि ज्यांनी नीट गणित केलं त्यांचेच गुण कापले गेले होते. उत्तरपत्रिका दोन दिवसांपूर्वी वाटल्या होत्या, पण एकाही मुलाने तक्रार केली नव्हती. "बाईंनी चूक दिली म्हणजे चूकच असणार," एवढा त्यांचा विश्वास. साठ उत्तरपत्रिका परत मागवल्या, दोन्ही वर्गांत जाऊन सांगितलं की चूक आमची होती. पेपर काढणारे सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. एक्सेलच्या एका पानावर हे अर्ध्या तासात होतं. हे करणारी माणसं शाळांत इतकी कमी आहेत, की तुम्हाला येतं म्हटल्यावर लोक बोलावतील.

पहिली ते आठवीचं मूल्यमापन वेगळं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभराच्या निरीक्षणाचे) ७० आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ३०, वर जाता जाता सातवी-आठवीला ४० आणि ६०. कल्पना उत्तम होती: मुलाचं दैनंदिन निरीक्षण करा, तोंडीकाम, प्रकल्प, प्रयोग पाहा आणि त्याच्याबद्दल दोन ओळी लिहा. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. पर्यवेक्षिका म्हणून मी एका वर्गाच्या नोंदवह्या तपासत होते, तर चाळीस मुलांपुढे ओळीने 'गटकार्यात उत्साहाने सहभाग घेतो'. मुलींपुढेही 'घेतो'. मी लाल पेनाने फक्त तो 'तो' गोल करून वही परत पाठवली. बाई रागावल्या, मग हसल्या, आणि पुढच्या महिन्यात एका मुलीपुढे लिहून आलं, 'प्रयोगाचं साहित्य न सांगता जागेवर ठेवते, पण निरीक्षण वहीत लिहायचं टाळते.' अशी एक नोंद हाती आली की पालकसभेत बोलायला काहीतरी असतं. आता समग्र प्रगतिपत्रकाचं वारं आहे. पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षाही परत आली आहे. पत्रकाचा रंग बदलेल, पण त्या दोन ओळी लिहायला कुणीतरी लागणारच आहे.

अंतर्गत गुणांबद्दलही बोलायला हवं. दहावीचा राज्याचा निकाल मार्च २०१८ ला ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत वीस गुण काढले, तर ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, म्हणून सगळं त्या वीस गुणांवर ढकलू नये. पण २०२० ला गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. यातून जो अर्थ निघतो तो प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे आणि सभेत कुणी उच्चारत नाही. परीक्षा समन्वयक झालात की एक आकडा स्वतःपुरता काढत जा: वीसपैकी वीस मिळालेली मुलं किती, आणि त्यांतली लेखी परीक्षेत पस्तिशीच्या आसपास किती.

त्या पुढचं वर्ष, २०२१. दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असं सूत्र ठरलं. शाळेत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती. आता गंमत अशी, की त्या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा मार्च २०२० च्या टाळेबंदीत रद्द झालेली. म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळीच्या आधी घाईघाईत घेतलेली, "नववीची सहामाही, कोण विचारतंय" म्हणून कशीबशी तपासलेली परीक्षा अचानक बोर्डाच्या गुणपत्रकात जाऊन बसली. आमच्या एका तुकडीच्या गुणतक्त्यात तोंडीचे गुण पेन्सिलने लिहिलेले होते. ज्या बाईंनी लिहिले त्या गावी अडकलेल्या. मी आणि दोन शिक्षक तोंडाला मुसकं बांधून कपाटातले गठ्ठे उपसत होतो, बाईंना व्हिडिओ कॉलवर पान दाखवत होतो आणि त्या एकेक आकडा वाचून 'हो' म्हणत होत्या. त्यांच्या 'हो'ची तारीख-वेळ टाकून तिघांच्या सह्या केल्या. सोळा जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के, आणि संकेतस्थळ कोलमडलं. आमच्या शाळेतून एकही तक्रार पुढे गेली नाही. तुमच्या मुलाखतीत कुणी विचारलं की परीक्षा विभागाला महत्त्व काय, तर ही गोष्ट सांगा.

बोर्डाचं काम मिळालं तर नाही म्हणू नका. मानधन नगण्य, उन्हाळा डोक्यावर, पण शिकायला तिथेच मिळतं. राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीला आहे आणि ठाणे जिल्हा त्यांच्याकडे येतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडून, मांडीवर सीलबंद पाकिटं घेऊन केलेले ते प्रवास मला अजून आठवतात. परीक्षक, त्याची तपासणी पुन्हा पाहणारा नियामक, मग मुख्य नियामक अशी चढती भाजणी असते. नियामक झाल्यावर पहिल्यांदा कळतं की एकच निबंध दोन चांगले शिक्षक पाचपैकी दोन आणि चार देऊ शकतात, आणि दोघांकडे कारणं असतात. केंद्रसंचालक म्हणून काम केलंत तर परिरक्षकाकडून, म्हणजे प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, पाकिटं ताब्यात घेण्यापासून शेवटचा बारकोड जुळवण्यापर्यंत वेळेचं भान अंगात मुरतं. (सीबीएसईत असाल तर तिथेही केंद्र आणि तपासणीचं काम येतंच. नावं वेगळी, धावपळ तीच.)

आणि एक काम जे कुणी तुम्हाला सांगणार नाही. अध्ययन अक्षम किंवा दिव्यांग मुलांना परीक्षेत सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सूट. पण त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत त्याच्या तपासण्या होतात आणि त्यांना वेळ लागतो. कोपरीचे एक वडील जानेवारीत माझ्यासमोर येऊन बसले. मुलगा दहावीला, तोंडी सगळं येतं, लिहिताना अक्षरं उलटी पडतात. हे पाचवीपासून प्रत्येक वर्गशिक्षिकेला माहीत होतं, आणि पाच वर्षं सगळ्यांनी प्रगतिपुस्तकावर 'लेखनाकडे लक्ष द्यावे' एवढंच लिहिलं होतं. माझ्याच सह्या होत्या त्यांतल्या दोनवर. त्या वर्षी काहीच करता आलं नाही. त्यानंतर आम्ही सहावीच्या पहिल्या चाचणीनंतर अशा मुलांची यादी काढायला लागलो. यादी दहा-बारा नावांची होते, पालकांना समजवायला वर्ष जातं, म्हणून सहावी.

सरकारी वाटांचं थोडक्यात. उपशिक्षणाधिकारी हे पद लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून भरतात. वय पाहा, तयारी दोन-तीन वर्षं धरा. प्रश्ननिर्मितीची आवड असेल तर राज्याच्या एससीईआरटीच्या (शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) कार्यशाळांना शाळेतर्फे नाव द्या. पायाभूत आणि संकलित चाचण्या, राष्ट्रीय पातळीवर 'परख' या मूल्यमापन संस्थेचं डिसेंबर २०२४ चं सर्वेक्षण यामुळे चांगला प्रश्न लिहिणाऱ्यांची गरज वाढली आहे. चाचण्या तयार करणाऱ्या खाजगी कंपन्या आणि प्रकाशनंही प्रश्नामागे पैसे देऊन काम देतात. मुख्याध्यापक न होता या क्षेत्रात राहायचं असेल तर ही खरी जागा, आणि विज्ञान-गणितवाल्याला तिथे मागणी आहे.

आता कोर्स. नोकरी करता करता करायचा तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका पुरेशी आहे, सगळे तिला डीएसएम म्हणतात. इग्नूचीही शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका आहे. एम.एड. आता दोन वर्षांचं झालं आहे. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर ते करा. सीबीएसई शाळेत पुढे प्राचार्य व्हायचं मनात असेल तर पदव्युत्तर पदवी लागेल, तुमच्याकडे बी.एस्सी.च आहे, म्हणून तुमच्या विषयातली एम.एस्सी. दूरशिक्षणाने का होईना आधी पुरी करा. माझ्या मते तुमच्यासाठी क्रम हाच: आधी एम.एस्सी., बरोबरीने परीक्षा विभागाचा अनुभव, डीएसएम त्यानंतर सवडीने. आणि लिपिकांशी मैत्री करा. बोनाफाईड कसं निघतं, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म कुणाचा भरायचा, शालार्थ या पगाराच्या प्रणालीत बिल का अडलं, हे मला कुठल्याही पदविकेने शिकवलं नाही. ते आमच्या मुख्य लिपिकांनी दुपारच्या चहाला शिकवलं.

सध्याच्या शाळेत मागणी करताना 'प्रशासनात रस आहे' असं मोघम म्हणू नका. 'येत्या वर्षी सहावी ते आठवीच्या चाचण्यांचे संविधान तक्ते आणि निकालाचं विश्लेषण मी करीन, त्याबदली आठवड्याला चार तासिका कमी द्याव्यात,' असा एका पानाचा अर्ज द्या, सोबत आपल्याच विषयाच्या एका चाचणीचं विश्लेषण नमुना म्हणून जोडा. अर्ज एप्रिलमध्ये जाऊ द्या. मे महिन्यात वेळापत्रक ठरतं, जूनमध्ये गेलात तर विभाग वाटून झालेले असतात आणि तुमच्या वाट्याला स्नेहसंमेलन येतं.